पहिलं ‘नको’ आईचं

आमच्याकडे एक कापडी पिशवी आहे. मुलांचे मागे राहिलेले एकेकटे मोजे तिच्यात वर्षभर साठतात. कुणीतरी मागायला येईल म्हणून ते फेकवत नाहीत, आणि मागायला कुणी येत नाही. किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कोण जमवतंय? पण सकाळी सकाळी दुसऱ्यांची पोरं सांभाळायचं काम घेतलं की ते आपोआप साठतात. परवा चार मैत्रिणी जमल्या तेव्हा त्यातले काही सांगितले. त्या म्हणाल्या, लिहून काढ. म्हणून आज ही दुसरी पिशवी उलटी करते.

आधी काम कसलं ते सांगते. शारजात भाडं कमी, नोकऱ्या दुबईत, म्हणून राहायचं इकडे आणि कमवायचं तिकडे, असे इथले निम्मे संसार चालतात. मधला रस्ता सकाळी इतका तुंबतो की उजाडायच्या आत घर सोडलं नाही तर ऑफिसात पोचेपर्यंत तिथले लोक जेवायला उठलेले असतात. शाळेचं फाटक मात्र शाळेच्या वेळेलाच उघडणार. मग आईबाप निघाल्यापासून फाटक उघडेपर्यंत पोरानं जायचं कुठे? आमच्याकडे. शाळेच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, आमचं छोटंसं सेंटर आहे, रीतसर लायसन्स काढलेलं. मुलं अंधारात येतात, राहिलेली झोप पुरी करतात, उठून दात घासतात, नाश्ता करतात. मग सगळ्यांना एक दोरी धरायला लावून आम्ही त्यांना रस्त्यापलीकडे शाळेत सोडतो.

आम्ही म्हणजे मी आणि मॅरिव्हिक. माझं आडनाव साठे, पण ते फक्त लायसन्सवर. मुलं मावशी म्हणतात, त्यांच्या आया मावशी म्हणतात, आणि कोपऱ्यावरचा पेशावरी लाँड्रीवालाही मावशीच म्हणतो. मॅरिव्हिक फिलिपिन्सची. माझ्याकडे आली तेव्हा पोहे कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. आता कांदा किती परतायचा यावरून ती माझ्याशी भांडते, आणि बऱ्याचदा तिचंच खरं असतं.

*

देशपांडे मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन कंपनीत आहे. शारजाहून मुसफ्फा म्हणजे दुबई ओलांडून थेट अबुधाबी. त्यामुळे रोज सगळ्यांच्या आधी दार वाजवणारा माणूस हाच. बायको नर्स, तिची ड्यूटी असेल तशी. मुलगा ईशान दुसरीत. देशपांडे त्याला पांघरुणासकट झोपलेलाच उचलून आणायचा, गादीवर ठेवायचा, दप्तर आणि युनिफॉर्म खुंटीला अडकवायचा आणि “येतो मावशी” म्हणत पळायचा. पोराचं तोंड आम्हाला दिसायचं ते एकदम उठवतानाच.

एकदा मी स्वयंपाकघरात असताना मॅरिव्हिक आली. चेहरा काळजीचा.

“मावशी, ईशान फरगॉट इंग्लिश.”

“म्हणजे?”

“आय सेड वेक अप. ही इज आन्सरिंग ओन्ली इन मराठी.”

आता हे खरंच काळजीचं होतं. आमची मराठी मुलंसुद्धा आपण मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्येच उत्तर देतात. ईशान तर झोपेत बडबडतोसुद्धा इंग्लिशमध्ये. मी जाऊन पांघरूण ओढलं. आत भलताच मुलगा!

“तू कोण रे?”

“मी ओम. नाशिकचा.” त्यानं डोळे चोळत इकडेतिकडे बघितलं. “हे दुबईतलं हॉटेल आहे का?”

देशपांडेची बहीण सुट्टीला आली होती. दोन्ही पोरं एका पलंगावर, एका पांघरुणात, आणि देशपांडेनं अंधारात जो हाताला लागला तो उचलला होता. फोन केला तेव्हा तो हायवेला लागलेला. “मावशी, आता यू-टर्न घेतला तर कामावरून काढतील आणि नाही घेतला तर बहीण बोलणार नाही,” एवढंच म्हणाला.

ओमला काही घाई नव्हती. त्यानं पोहे खाल्ले, परत मागून घेतले, आणि हॉटेल चांगलं आहे असं सांगितलं. तेवढ्यात त्याची आई धापा टाकत आली. मागे ईशान, रात्रीच्या कपड्यांत, डोळ्यांत झोप.

मला वाटलं, रडणार. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मावशी, टुमारो ऑल्सो यू कीप ओम, ओके?”

*

नवं मूल आलं की पहिल्या दिवशी हमखास एक गोष्ट होते. समोर बशी ठेवली की ते सांगतं, “नो थँक्यू, आय हॅव ऑलरेडी ईटन.” बाहेर अजून दिवे चालू आहेत, पोराच्या गालावर उशीच्या वळ्या आहेत, आणि म्हणे खाऊन आलोय!

मला त्याचं नवल वाटत नाही. मीही तशीच वाढले. दुसऱ्याच्या घरी कुणी लाडू पुढे केला की माझी आई समोरच्या खुर्चीवरून नुसते डोळे मोठे करायची, आणि माझ्या तोंडातून ‘नको’ बाहेर पडायचं. पुढे केलेल्या गोष्टीवर झडप घालायची नाही हे तिनं असं काही मुरवलं की अजून निघालेलं नाही.

मॅरिव्हिक नवी होती तेव्हा मुलानं ‘नो’ म्हटलं की बशी उचलून न्यायची. मी तिला बसवून नियम सांगितला. पहिलं ‘नको’ आईचं असतं, दुसरं लाजेचं असतं, तिसरं पोटाचं असतं. आपण फक्त तिसरं ऐकायचं. तिला एका झटक्यात पटलं. तिच्या गावातही म्हणे कुणी ‘या जेवायला’ म्हटलं की आधी ‘पोट भरलंय’ म्हणायचं असतं. “सेम सेम, मावशी,” ती म्हणाली. “ओन्ली यू पीपल से इट मोअर लाउडली.”

तिनं हा नियम पहिल्यांदा लावला तो घरमालकाच्या आईवर. मालक इथलेच, इमाराती. मागच्या गल्लीत त्यांचा बंगला. आजी एका सकाळी काळ्या अबायात, काठी टेकत आल्या त्या तक्रार घेऊनच. पोरांच्या आवाजानं झोप होत नाही. मी आत ‘सॉरी सॉरी’ करत होते. मॅरिव्हिकनं त्यांच्यापुढे थालीपीठ धरलं.

“ला, ला,” आजी म्हणाल्या. अरबीत ‘ला’ म्हणजे नको.

“लिटल ओन्ली, मामा.”

“ला.”

मी मागून हातवारे करत होते, पुरे कर बाई. मॅरिव्हिकनं तिसऱ्यांदा धरलं. आजींनी एक तुकडा तोडला, मग खाली बसल्या, मग चहा घेतला. मॅरिव्हिक कप रिकामा झाला की भरायची. शेवटी आजींनी रिकामा कप बोटांत धरून हलवला. आम्ही दोघी बघतच राहिलो. इथल्या जुन्या लोकांना हिंदी येतं. त्या म्हणाल्या, “हमारे यहाँ पूछते नहीं. कहवा डालते जाते हैं. मेहमान फिंजान हिलाएगा, तब खलास.”

मुलं खाणं सोडून हे बघत होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पोट भरलं की ‘पुरे’ म्हणायचं बंद झालं. दुधाचा कप हलवायचा, खलास.

जाताना आजींना दारात आठवलं की आपण भांडायला आलो होतो. काठी वर करून म्हणाल्या, “आवाज़ बहुत है. कल भी होगा?”

“होगा,” मी खरं ते सांगितलं.

“तो कल भी आऊँगी.”

*

रमजानात शाळा उशिरा भरते, पण आईबापांची ऑफिसं सगळी काही उशिरा भरत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे मुलं जास्त वेळ असतात. आमचा हमजा लाहोरचा, पहिलीतला. एका सकाळी तो भिंतीकडे तोंड करून बसला. “आय ॲम फास्टिंग.”

त्याच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, “मावशी, इतना सा है, इस पर रोज़ा कहाँ है? प्लीज़ खिला दीजिए.” मी खिलवायला गेले. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदाही नको. इथे माझा नियम संपला. हे ‘नको’ ना आईचं ना पोटाचं, त्याचा व्यवहार थेट वर होता. मी बशी झाकून ठेवली.

ईशान शेजारी अंडं खात होता. त्याला बहुतेक अपराधी वाटलं असावं. तो म्हणाला, “माय आजी ऑल्सो फास्ट्स. इन पुणे. शी ईट्स साबुदाणा खिचडी.”

हमजा भिंतीकडून अर्धा वळला. “इन द फास्ट?”

“यस. अँड पोटॅटो. अँड पीनट लाडू.”

“अँड शी इज स्टिल फास्टिंग?”

“होल डे,” ईशान अभिमानानं म्हणाला.

हमजानं बराच वेळ विचार केला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मावशी, टुडे आय ॲम डूइंग ईशान्स आजीज फास्ट.”

घरात दाण्याचे लाडू होते, त्यावर भागलं. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. हसू दाबत होती. “मावशी, ये साबूदाना क्या चीज़ है? हमज़ा बोलता है, पूरा रमज़ान वही रखूँगा.”

*

मग एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि सर्क्युलर आलं. शाळा आता पहाटेच फाटक उघडणार, हॉलमध्ये ‘ब्रेकफास्ट क्लब’ चालवणार, नाश्ता देणार, आणि सगळं फुकट.

मला राग आला. कुणावर ते कळेना, त्यामुळे तो भांड्यांवर निघाला. शांतपणे पाहिलं तर गोष्ट वाईट नव्हती. आमच्याकडे पाठवणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांची मुलं फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर दप्तराला टेकून पेंगत बसायची. एप्रिलपासून इथे सकाळीच ऊन चटके देतं. ती मुलं आत गेली, एसीत बसली, हे मला दिसत होतं आणि बरंही वाटत होतं. पण आमचं सगळं काम सकाळचंच. सकाळ गेली की उरलं काय?

त्यात आईबापांनी निरोप घ्यायला यायचा सपाटा लावला. न सांगता गेले असते तर बरं झालं असतं. देशपांडे जिलेबी घेऊन आला. “मावशी, फुकट आहे म्हणून नाही हं. शाळा जरा जवळ पडते.” आमचं दार आणि शाळेचं फाटक समोरासमोर आहेत. एकीकडे शिंकलं तर दुसरीकडचे ‘ब्लेस यू’ म्हणतात. मी त्याला हो हो म्हटलं आणि जिलेबी घेतली. हमजाची आई तर रडली, मग मीच तिला समजावत बसले. एक जण म्हणाली, “संक्रांतीला तिळगूळ घ्यायला नक्की येऊ.” आणि एप्रिल चालू होता.

अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली. माझं मी निभावलं असतं. नवऱ्याची नोकरी आहे, फार तर घरी बसले असते. प्रश्न मॅरिव्हिकचा होता. तिचा व्हिसा आमच्या लायसन्सवर, आणि उन्हाळ्यात दोन्हींचं रिन्यूअल. मुलं नसतील तर लायसन्स कशाला ठेवायचं? आणि लायसन्स गेलं की व्हिसा गेला. तिच्या पगारावर तिकडे तिची आई आणि एक मुलगी आहे.

ती याबद्दल बोलली नाही. एक दिवस कोपऱ्यात मोठं रिकामं खोकं दिसलं. फिलिपिनो लोक अशा खोक्यात साबण, चॉकलेटं, बूट भरून घरी पाठवतात, पण ते नाताळाच्या सुमाराला.

“हे आत्ताच?” मी विचारलं.

“नथिंग, मावशी. जस्ट इन केस.”

त्या दिवशी मला कांदा परतवेना. तिनंच परतला.

*

क्लब सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी ईशान दारात. देशपांडे त्याला फाटकाशी सोडून गेला होता, आणि वॉचमन त्याला ओळखीमुळे रस्ता ओलांडून देऊन गेला होता.

“काय रे?”

“नथिंग. आय केम टु से हाय.”

हाय म्हणून झाल्यावरही तो जाईना. मॅरिव्हिकनं पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी केली. त्यानं ‘नो थँक्यू’ म्हटलं, पुन्हा ‘नो थँक्यू’ म्हटलं, आणि मग गुंडाळी अशी संपवली की मी दुसरी लाटायला घेतली.

“शाळेत नाश्ता देत नाहीत?”

“दे गिव्ह. सीरियल, मफिन, बनाना, एव्हरीथिंग.”

“मग खात का नाहीस?”

“मम्मा सेड, फुकट आहे म्हणून तुटून पडायचं नाही.” एवढंच वाक्य त्यानं शुद्ध मराठीत म्हटलं, आईच्या आवाजात. “सो आय से नो थँक्यू.”

“मग?”

ईशाननं खांदे उडवले. “दे आस्क ओन्ली वन टाइम, मावशी.”

मी पोळपाटावरून मान वर केली नाही. त्याला नेऊन फाटकात सोडलं आणि वॉचमनला सांगितलं की पुन्हा असं पोराला एकटं सोडू नको. पण त्या वाक्यानं मला दिवसभर छळलं.

*

शाळेचे सुपरवायझर सर रस्त्यात भेटायचे. मोठ्या खुशीत होते. “मॅडम, आपके बच्चों के मैनर्स मानने पड़ेंगे. कोई हाथ नहीं लगाता. सब घर से खाके आते हैं.” शाळेच्या न्यूजलेटरमध्येही तसं छापून आलं, मुलांच्या शिस्तीचं कौतुक म्हणून.

अपवाद एकच, ते म्हणाले. तो लाहोरचा हमजा. त्याला दुधाचं व्यसन आहे. एक ग्लास झाला की तो रिकामा ग्लास हलवतो, आणखी द्या म्हणून. कॅटररचा माणूस भरतो. पुन्हा हलवतो. पुन्हा भरतो. काल म्हणे बिचारा डोळ्यांत पाणी आणून ग्लास हलवत होता, इतकं आवडतं त्याला दूध.

मॅरिव्हिकला सांगितलं तेव्हा ती ओट्याला धरून हसली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, “पुअर हमजा.”

*

थोड्या दिवसांनी शाळेतून बोलावणं आलं. प्रिन्सिपल मॅडम केरळच्या. आयुष्य बोर्डिंग शाळांमध्ये गेलेलं. बाई सरळ, बोलणं कमी. त्यांच्याकडे हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, दोन्ही एकदाच.

त्या म्हणाल्या, काहीतरी चुकतंय. मुलं क्लबमध्ये काही खात नाहीत, आणि पहिल्याच ब्रेकला कँटीनमधले समोसे संपतात. छोट्या वर्गांतली मुलं पोट धरून बसतात. घरी विचारलं तर आईबाप म्हणतात, तो तर शाळेत खातो. तुम्ही इतकी वर्षं हेच करत आलात, तर तुम्हाला काय वाटतं?

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. क्लब बुडाला तर मुलं परत येतील. मग ईशानची ती पोळी खाण्याची घाई आठवली. मी म्हटलं, “मॅडम, मॅरिव्हिक को चार दिन आपके हॉल में खड़ा करो.”

पहिल्या दिवशी उरलेल्या मुलांना घेऊन मीही मागे जाऊन उभी राहिले. कॅटररची माणसं हातमोजे घालून टेबलामागे, मुलं रांगेत. “मफिन? यस ऑर नो?” “नो थँक्यू.” “नेक्स्ट.” रांग भराभर पुढे सरकत होती आणि बशा कोऱ्या. मॅरिव्हिक टेबलाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिसरीतली एक नवी मुलगी आली, लखनौची.

“नो थँक्यू.”

“लिटल ओन्ली.”

“नो, आय हॅव ईटन.”

रांग अडली. सुपरवायझर सर पुढे झाले. “सिस्टर, शी सेड नो.”

“सर, दॅट इज हर मदर टॉकिंग,” मॅरिव्हिक म्हणाली आणि तिसऱ्यांदा बशी पुढे केली.

मुलीनं सरांकडे बघितलं, बशीकडे बघितलं, आणि दोन मफिन उचलले. मागे ईशान होता. तो रांगेतूनच ओरडला, “मॅरिव्हिक, आस्क मी! आस्क मी!”

त्या आठवड्यात कँटीनवाला समोसे उरले म्हणून तक्रार घेऊन प्रिन्सिपल मॅडमकडे गेला. हमजाच्या ग्लासाचंही मॅरिव्हिकनं कॅटररला समजावलं. आणि सुपरवायझर सरांनी ते आईवालं वाक्य मॅडमना जाऊन सांगितलं, तक्रार म्हणून की कौतुक म्हणून ते मला माहीत नाही.

*

आणि आता शेवटचा किस्सा.

चार दिवस संपले तसं मॅडमनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. रस्ता ओलांडताना मी मनात घोकत होते की जर काही कामाचं विचारलं, काहीही, अगदी थोडंसं, तरी लगेच ‘यस’ म्हणायचं. तोंडात तो शब्द तयार ठेवूनच मी आत शिरले.

मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं. पुढ्यात एक फाइल, हातात पेन. इकडचं तिकडचं काही नाही.

“मिसेस साठे, आय वॉन्ट युवर सेंटर टु रन द मॉर्निंग क्लब. हॉल आवर्स, फूड आवर्स, स्टाफ युवर्स. फॉर द चिल्ड्रन स्टिल फ्री, बट द स्कूल विल पे यू. युवर सेंटर स्टेज, युवर लायसन्स स्टेज. विल यू डू इट?”

इतकी वर्षं झाली, मला कुणी एवढं मोठं काही पुढे केलं नव्हतं. सेंटर वाचत होतं. कोपऱ्यातलं खोकं रिकामंच राहणार होतं. शेजारी मॅरिव्हिक खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली होती. आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, “नो, नो, मॅडम. इतना बड़ा आपका स्कूल, हमसे कहाँ होगा? आप क्यों तकलीफ़ करते हो?”

“आय अंडरस्टँड,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी फाइल मिटली. पेनाला टोपण लावलं. “थँक यू फॉर युवर हेल्प,” असं म्हणून त्या उठायला लागल्या. मी खुर्चीत तशीच. आता काय म्हणायचं असतं? ‘नाही’ म्हटल्यावर आपण होऊन ‘हो’ कसं म्हणायचं, हे मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं.

मॅरिव्हिकनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि ती मॅडमकडे बघून म्हणाली, “मॅम, दॅट वॉज हर मदर. प्लीज आस्क टू मोअर टाइम्स.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, खाली बसल्या, आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.